‘कुली’ शब्दाची कुळकथा

२५ फेब्रुवारी २०१६ रोजीं तेव्हांचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभु यांनीं लोकसभेंत रेल्वेचा अर्थसंकल्प मांडला. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प मांडण्याची ती शेवटचीच वेळ ठरली. त्या भाषणांत इतर अनेक घोषणांबरोबर एक घोषणा अशी होती कीं, स्थानकांवर उतारूंचें सामान वाहणाऱ्या माणसांस यापुढें ‘कुली’ न म्हणतां ‘सहायक’ म्हणावें. परकीय अमदानींतील एक हीन शब्द गेला, श्रमाला प्रतिष्ठा आली, असें अनेक सुशिक्षितांस वाटलें. आजहि हा विषय निघाला म्हणजे, ‘कुली’ हा इंग्रजांनीं आमच्या माथीं मारलेला शिवीवजा शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच गुलाम असा आहे, असें मोठ्या आत्मविश्वासानें सांगणारे पदवीधर आम्हांस पदोपदीं भेटतात. या मताचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्या शब्दास या मंडळींनीं गुलामगिरीचा शब्द म्हणून हांकून दिलें, तो बहुधा मजुरीचा शब्द आहे. आणि ज्यास सन्मानाचा शब्द म्हणून आंत घेतलें, त्यांत मजुरीला जागाच ठेविलेली नाहीं.

प्रथम व्युत्पत्तीचा हिशेब पुरा करूं. या शब्दाचीं तीन कुळें सांगण्यांत येतात. पहिलें कुळ तुर्की. तुर्की भाषेंत ‘कुल’ म्हणजे दास. तेव्हां ‘कुली’ म्हणजे गुलाम, असा हा सरळसोट हिशेब आहे. हा तुर्की शब्द मराठी वाचकास अगदींच अपरिचित नाहीं. गोवळकोंड्याच्या कुत्बशहांच्या नांवांतला ‘कुली’ तो हाच. आणि धर्मांतरानंतर नेताजी पालकर औरंगजेबाच्या पदरीं ज्या नांवानें वावरला, त्या ‘मुहम्मद कुलीखान’ या नांवांतलाहि हाच. परंतु या उदाहरणांवरूनच या व्युत्पत्तीचें दुबळेपण उघड होतें. हें दास्य ईश्वराचें अथवा पुण्यपुरुषाचें असून सुलतान आणि सरदार तें अभिमानानें मिरवीत. त्याचा संबंध डोक्यावर ओझें घेणाऱ्या माणसाशीं जोडावयाचा, तर उच्चारसाम्याहून अधिक बळकट आधार पाहिजे.

दुसरें कुळ आमच्या अगदीं घरचें आहे. यूल आणि बर्नेल या दोन विद्वानांनीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा, हिंदुस्थानांतील इंग्रजीचा जो प्रसिद्ध कोश १८८६ सालीं प्रकाशित केला, त्यांत या शब्दाचें मूळ ‘कोळी’ या जातिनामांत शोधण्याकडे कल आहे. गुजराथपासून कोंकणापर्यंतच्या किनाऱ्यावर आणि सह्याद्रीच्या माथ्यावर कोळ्यांची वस्ती पुरातन आहे; मावळच्या डोंगरांत महादेव कोळी आजहि आहेत. किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपियनांस अंगमेहनतीच्या कामीं प्रथम हीं माणसें भेटलीं असावीं आणि जातीचें नांव तें कामाचें नांव झालें असावें, असा हा तर्क आहे. तो त्याज्य नाहीं.

तिसरें कुळ दक्षिणेचें. तमिळ भाषेंत ‘कूलि’ म्हणजे मजुरी, श्रमाचें मोल. मल्याळम, तेलुगु आणि कानडी याहि भाषांत हा शब्द त्याच अर्थानें नांदतो. सोलापुराकडे किंवा बेळगांवाकडे कानडी बोलणाऱ्या शेतमजुरास विचारावें. ‘कूली’ म्हणजे संध्याकाळीं हातांत पडणारे पैसे, असेंच तो सांगेल. मजुरी घेऊन काम करणारा माणूस मजुरीच्याच नांवानें ओळखला जावा, यांत नवल कांहींच नाहीं. किनाऱ्यावरचा कोळी आणि दक्षिणेकडील कूलि हे दोन प्रवाह परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडीं एकत्र झाले असावेत आणि त्या संगमांतून इंग्रजी शब्द निघाला असावा, हें आम्हांस सर्वांत संभवनीय वाटतें. तेथून तो समुद्रापार गेला. चिनी लेखकांनीं तो आपल्या लिपींत उतरवितांना ज्या दोन अक्षरांची योजना केली, त्यांतील एकाचा अर्थ ‘कडू’ आणि दुसऱ्याचा ‘बळ’ असा आहे. शब्दाची व्युत्पत्ति म्हणून याची किंमत शून्य. पण त्या माणसाचें वर्णन म्हणून याहून समर्पक शब्द आम्हांस तरी सुचत नाहीं.

आतां ओझें वाहणाऱ्या माणसास निरनिराळ्या भाषांनीं जीं नांवें दिलीं आहेत, तीं वाचकांनीं एका ओळींत मांडून पाहावीं. इंग्रजी ‘पोर्टर’ हा लॅटिनमधील ‘वाहणें’ या अर्थाच्या धातूपासून आला. आमचा ‘हमाल’ अरबींतून आला, आणि तेथेंहि धातूचा अर्थ ‘वाहणें’ हाच आहे. ‘भारवाहक’ हा संस्कृत शब्द तर स्वतःच आपला अर्थ सांगतो. हे तीनहि शब्द फक्त ओझ्याकडे पाहतात. ओझ्याखालीं माणूस आहे कीं जनावर, याची त्यांस पर्वा नाहीं. गाढवासहि भारवाहक म्हणतां येतें. व्याकरण आड येणार नाहीं. दुसऱ्या ओळींत पाहा. ‘मजूर’ हा फारसी ‘मज्दूर’. त्यांतील ‘मुज्द’ म्हणजे वेतन. मजूर म्हणजे वेतनाचा धनी. आमचा ‘मोलकरी’ आणि आमची ‘मोलकरीण’ यांच्या नांवांत ‘मोल’ आधीं येतें आणि काम मागाहून येतें. ‘कूली’ याच ओळींत बसतो. या शब्दांची दृष्टि ओझ्यावर नसून करारावर आहे. या माणसाचें कोणाकडे तरी कांहीं येणें आहे, ही गोष्ट तें नांव उच्चारतांच कबूल केली जाते. गाढवाला कूली म्हणतां येत नाहीं, कारण गाढवाचें कोणाकडे येणें नसतें.

मोलाच्या शब्दांत ही प्रतिष्ठा कशी आली, हें समजण्यास त्यांचा वैरी शब्द पाहिला पाहिजे. तो शब्द ‘वेठ’. संस्कृत ‘विष्टि’ या शब्दाचें हें मराठी रूप. राजाच्या, अंमलदाराच्या किंवा वतनदाराच्या हुकमानें, मोल न घेतां, करावयाचें काम म्हणजे वेठ. फारसींतून आलेला ‘बेगार’ किंवा ‘बिगार’ हा तिचा जोडीदार. मराठेशाहींतील इनामांच्या सनदांत ज्या बाबी माफ केल्या जात, त्यांत ‘वेठबेगार’ ठिकठिकाणीं आढळते. माफी देण्याजोगी वस्तु होती, म्हणजे जाच होता. हा जाच किती जुना आहे, याची साक्ष जुनागडच्या शिलालेखांत आहे. कार्ल्याचीं लेणीं ज्या काळाच्या आसपास कोरलीं जात होतीं, त्याच सुमाराचा, इसवी सन १५० च्या बेताचा, हा रुद्रदामन् राजाचा लेख. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण प्रजेला कर आणि विष्टि यांनीं न गांजतां पुनः बांधविला, असें तो राजा त्यांत अभिमानानें नमूद करतो. अठराशें वर्षांनंतर, १९५० सालीं अंमलांत आलेल्या आमच्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें वेठबिगारीस बंदी केली. आणि त्या कलमाच्या इंग्रजी पाठांतहि ‘बेगार’ हा शब्द जसाच्या तसा ठेवावा लागला. ओझें वाहणें लाजिरवाणें आहे, असें आमच्या पूर्वजांनीं कधीं मानलें कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा. पण ओझें फुकट वाहावयास लावणें हें पाप आहे, एवढें रुद्रदामन् राजासहि कळत होतें.

आतां बोरघाटाकडे वळूं. कारण या वादाचा खरा निकाल कोशांत लागावयाचा नसून खंडाळ्याच्या कड्यावर लागावयाचा आहे. पुण्याहून मुंबईस जावयाचें तर मावळ ओलांडून हा घाट उतरणें प्राप्तच होतें. १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, गाड्या जाण्याजोगा रस्ता होईपर्यंत घाटांतील माल बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्याखांद्यांवरून चढत उतरत असे. पुढें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें याच घाटांतून लोहमार्ग नेण्याचें ठरविलें. १८५६ च्या जानेवारींत काम सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिलांत मार्ग खुला झाला. लांबी सुमारें १६ मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५. १८६१ च्या आरंभीं या कामावर ४२,००० माणसें खपत होतीं. कड्यावरून दोरानें खालीं सोडलेलीं माणसें अधांतरीं लोंबकळत खडकांत सुरुंगाचीं भोकें पाडीत. पटकीच्या सांथी येत आणि तळच्या तळ ओस पाडीत. इतिहासानें मुख्य इंजिनीयर जेम्स बर्कले यांचें नांव राखलें आहे; कंत्राटदार फॅव्हिएल यांचें राखलें आहे; त्यांच्यामागून आलेले व येतांच मृत्यु पावलेले सॉलोमन ट्रेडवेल आणि पतीचें कंत्राट पुढें चालविणाऱ्या त्यांच्या पत्नी ॲलिस यांचींहि राखलीं आहेत, तें योग्यच झालें. बाकीच्या हजारोंना एकच सामान्यनाम मिळालें. त्या काळच्या इंग्रजी लिखाणांत असल्या मजुरांस सरसकट ‘कूली’ म्हणत.

या नांवाच्या माणसांनीं काय केलें, तें पाहावें. १८५९ च्या जानेवारींत, म्हणजे फॅव्हिएल यांच्या अमदानींत, घाटांत मोठा दंगा झाला. पोटकंत्राटदारांनीं मजुरी थकविली होती, आणि जी दिली ती कमी दिली होती. मजूर लाठ्याकाठ्या आणि दगड घेऊन उठले. एक युरोपियन प्राणास मुकला. त्याच वर्षीं फॅव्हिएल यांनीं कंत्राट सोडलें. हाणामारीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु ती कशासाठीं झाली, हें विसरून चालणार नाहीं. ‘आम्हांस कूली म्हणूं नका’ अशी त्या माणसांची मागणी नव्हती. त्यांची मागणी कूलीची होती. व्युत्पत्तिशास्त्राचा एकहि ग्रंथ न वाचतां त्यांनीं त्या शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला, आणि तो सुद्धां अशा भाषेंत सांगितला कीं सरकारास ऐकणें भाग पडलें. १८६० सालीं, म्हणजे अवघ्या वर्षाच्या अंतरानें, रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजूर आणि त्यांचे धनी यांच्यामधील तंटे तांतडीनें तोडण्याचा कायदा झाला. त्या कायद्यानें मजुरीच्या तक्रारीस मॅजिस्ट्रेटचा दरवाजा उघडला खरा; पण काम सोडून जाणाऱ्या मजुरास त्याच दरवाजानें तुरुंगांत पाठविण्याचीहि सोय करून ठेविली.

येथें प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप पुढें येतो, आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाहीं. ‘कुली’ शब्दाची समुद्रापार काय गत झाली, तें विसरलांत काय, असें ते विचारतील. विसरलों नाहीं. १८३४ पासून मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर जाऊं लागले. मुंबई इलाख्यांतूनहि गेले, आणि त्यांतील मराठी कुटुंबांचे वंशज आजहि तेथें आहेत. पोर्ट लुई येथील ज्या घाटावर त्यांस उतरवीत, त्यास ‘कुली घाट’ म्हणत. आतां तो ‘आप्रवासी घाट’ झाला असून २००६ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें आहे. नाताळांत तर हिंदी माणूस म्हटला कीं तो कुलीच, मग तो व्यापारी असो कीं वकील. गांधीजींस ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत असत, हें त्यांनींच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. तेव्हां तेथें हा शब्द शिवी झाला होता, हें निर्विवाद आहे.

पण तो शिवी कशामुळें झाला? शब्दाच्या मुळांत विष होतें म्हणून काय? ‘गिरमिट’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या करारांत मजुरी लिहिलेली होती. परंतु मुदत संपेपर्यंत काम सोडण्याची मुभा नव्हती, आणि सोडलें तर कैद होती. बोरघाटानंतरच्या कायद्यांत जी मेख होती, तीच ही. ज्या मोलाबरोबर नकाराचा हक्क येत नाहीं, तें मोल पायांतली बेडी होतें. अशी मजुरी ही मुशाहिऱ्याची वेठच. मोलाच्या शब्दाला शिवी बनविलें तें या वेठीनें. १९१७ सालीं करारबद्ध मजुरांची निर्यात बंद झाली, ती कोणी कोशांतून शब्द खोडल्यामुळें झाली नाहीं; ती पद्धतीवरच घाला घातल्यामुळें झाली.

याच्या उलट दिशेचें उदाहरण पाहावयाचें तर समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. आमच्या महानगरपालिकांत आणि बांधकाम खात्यांत ‘बिगारी’ या नांवाची जागा असते. शब्दाचा अर्थ फुकट राबणारा. पण या जागेवर कायम झालेल्या माणसास वेतन आहे, रजा आहे. ही जागा मिळावी म्हणून माणसें खटपट करितात, अर्जावर अर्ज करितात. आणि ‘या हीन शब्दानें आमचा अपमान होतो, तेव्हां वेतन नको पण नांव बदला’ असें म्हणणारा बिगारी अद्याप आमच्या ऐकिवांत नाहीं. वेतन येतांच वेठीचा शब्दहि नोकरीचा शब्द झाला. स्थिति पालटली कीं शब्द आपोआप पालटतो.

शब्द पालटून स्थिति पालटते काय, याचा अनुभव आम्हांस दुसरीकडे पुरेपूर आला आहे. महाराष्ट्रांत २००० सालीं नव्या प्राथमिक शिक्षकास ‘शिक्षणसेवक’ असें भारदस्त नांव मिळालें, आणि त्या नांवाबरोबर तीन वर्षें पुऱ्या वेतनाऐवजीं अल्पसें मानधन आलें. अंगणवाडींतील बाई ‘सेविका’ झाली आणि तिची जोडीदारीण ‘मदतनीस’, त्यांसहि मानधनच. गांवोगांव बाळंतिणींच्या मागें धांवणारी ‘आशा’ तर चक्क ‘स्वयंसेविका’ म्हणविली जाते. म्हणजे ती आपण होऊन, हौसेनें काम करते, असें गृहीत धरावयाचें आणि कामागणिक मोबदला मोजावयाचा. खुद्द आमच्या महाविद्यालयांत पदव्युत्तर पदव्या मिळविलेले तरुण ‘तासिका तत्त्वावर’ शिकवितात. ‘तत्त्व’ हा शब्द वेदान्तांत शोभणारा. पण व्यवहारांत त्याचा अर्थ एवढाच कीं, तास घेतला तर पैसे, सुटी पडली तर नाहीं. हा तर रोजंदारीहून हलका कूली. फक्त त्याच्या डोक्यावर पेटीऐवजीं पुस्तकें आहेत. सेवक, सेविका, मदतनीस, सहायक: जेथें जेथें असा गोड शब्द आला, तेथें तेथें ‘वेतन’ हा रोखठोक शब्द मागील दारानें बाहेर पडला आहे. सेवेचें पुण्य मिळतें, मदतीचे आभार मिळतात. येणें मिळतें तें फक्त मजुराला.

रेल्वेच्या सहायकाची गोष्ट निराळी नाहीं. लोणावळ्याच्या फलाटावर उतरून ज्याच्या डोक्यावर वाचक आपली पेटी देतो, तो दंडावर बिल्ला बांधलेला माणूस रेल्वेचा नोकर नाहीं; तो परवानाधारक आहे. दर रेल्वे ठरविते, पैसे उतारू देतो, आणि वेतनपटावर त्याचें नांव नाहीं. २००८ सालीं लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असतांना अशा परवानाधारकांस गँगमनच्या जागीं नेमण्याची योजना जाहीर झाली आणि पुष्कळांच्या नेमणुका झाल्याहि. त्या वेळीं शब्दाला कोणी हात लावला नव्हता. माणसाच्या पोटाला हात दिला होता. २०१६ च्या घोषणेंत नवें नांव होतें, नवा गणवेश होता, गोड वागण्याबोलण्याचें शिक्षण होतें; वेतन नव्हतें. दरम्यान पेट्यांना चाकें फुटलीं आणि उतारू आपापलें सामान ओढीत चालूं लागले. ज्याचा धंदा पायांखालून निसटतो आहे, त्याला आम्हीं विशेषण बदलून दिलें!

कोणी म्हणेल, मग काय माणसांस हीन नांवानेंच हांक मारीत राहावें? असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ज्याचें त्याला हें नांव बोंचत असेल, त्यानें तें टाकावें. तो त्याचा अधिकार आहे, आणि तेथें प्राध्यापकानें कोश उघडून वाद घालणें हा शुद्ध उद्धटपणा होईल. आमचा आक्षेप देणाऱ्यावर आहे. ज्याच्याकडे वेतन देण्याची शक्ति आहे, त्यानें वेतनाच्या बदलीं नांव द्यावें, आणि आम्हां सुशिक्षितांनीं त्यावर टाळ्या वाजवाव्या, यावर आहे. श्रमाची प्रतिष्ठा कशी मिळवावी, याचा कित्ता महाराष्ट्रांतच गिरविलेला आहे. पुण्यांत डॉ. बाबा आढावांनीं जी संघटना उभी केली, तिचें नांव ‘हमाल पंचायत’. तींत ‘हमाल’ शब्द लपविलेला नाहीं, तो पाटीवर आहे. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत माथ्यावर ओझें घेणाऱ्यांनीं अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालीं जो लढा दिला, त्यांतून १९६९ चा कायदा झाला. त्या कायद्याच्या नांवांतच ‘माथाडी’ आणि ‘हमाल’ हे दोन्ही शब्द आहेत, इंग्रजी पाठांतहि आहेत. त्यानें माथाड्यास मंडळ दिलें, मजुरीची हमी दिली, भविष्यनिर्वाहनिधि दिला. ज्या शब्दानें ओझें सांगितलें होतें, तोच शब्द हक्काचा झाला, आणि ‘माथाडी’ म्हणवून घेण्यास आज कोणी लाजत नाहीं.

तेव्हां आमच्या शब्दशोधक मित्रांस आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, त्यांनीं ‘कुली’ ठेवावा कीं ‘सहायक’ घ्यावा याचा निर्णय खुशाल करावा. पण कोणतेंहि नवें नांव स्वीकारण्यापूर्वीं त्यास एक प्रश्न विचारावा: या नांवाच्या माणसाचें कोणाकडे काय येणें आहे? बोरघाटांतल्या कूलीजवळ या प्रश्नाचें उत्तर होतें, आणि तें त्याच्या नांवांतच होतें. सहायकाजवळ तें नाहीं. आगगाडी खंडाळ्याच्या बोगद्यांतून धडधडत जाते तेव्हां आपण ज्या कामावरून प्रवास करितों, तें त्या ४२,००० माणसांनीं केलेलें आहे. त्यांनीं त्याचें मोल मागितलें, आणि तें मागतांना त्यांना लाज वाटली नाहीं. लाज वाटावयाची असेल तर ती मोल थकविणाऱ्यास वाटावी, आणि थकविलेल्या मोलावर सुंदर शब्दाचें पांघरूण घालणाऱ्यासहि वाटावी.